अलीकडचा शुक्रवार, पलीकडचा गुरुवार

फागालिईच्या धावपट्टीवरून उडालेले छोटे विमान मधला समुद्र ओलांडून टाफुनाच्या धावपट्टीला टेकायला पस्तीस मिनिटे घेते. वारा समोरून असला तर चाळीस. अंतर ऐंशी मैलांचे. चुलीवर ठेवलेला कोको उकळून, निवून ओठांना सोसेल असा होईस्तोवर माणूस त्या तीराला लागलेला असतो. पण तेवढेच अंतर तोडायला तिलोमाईला नऊ वर्षे लागली होती, आणि अजून ते तुटले नव्हते.

त्या तीरावर, अमेरिकेच्या ताब्यातल्या तुतुइला बेटावरच्या नूउली गावात, तिची थोरली बहीण सेलाफी राहत होती. नऊ वर्षांपूर्वी दोघींची आई महिनाभर थोरलीकडे राहून येते म्हणून गेली आणि तिकडेच कायमची निजली. तिला परत आणायचे, उपोलू बेटावर, आपल्या लुआतुआनूच्या घरासमोर वडिलांच्या कबरीशेजारी ठेवायचे, हे तिलोमाईने धरूनच ठेवले होते. तिने अंगणात दगड मांडून जागासुद्धा आखली होती. सेलाफीने मात्र आईला आपल्या दारात, आपल्या ओट्यासमोर मातीआड केले आणि मग फोन केला. तिलोमाई गेली नाही. भांडण म्हणावे असे काही झाले नाही. फोन चालू राहिले. नातवंडे, वादळे, गुडघेदुखी, सगळे बोलून होई. आईचा विषय निघाला की तिलोमाई म्हणायची, चुलीवर काहीतरी आहे, ठेवते.

आता सेलाफीची मूत्रपिंडे थकली होती आणि होनोलुलूची लेक तिला कायमची घेऊन चालली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, आठवड्यातून तीनदा यंत्राला जोडायची. ती परत यायची नाही, हे तिला ठाऊक होते आणि इकडे हिलाही. तिलोमाईजवळ तिला सांगायचे एकच वाक्य होते: आईला तू ठेवून घेतलीस याचा माझ्या मनात आता राग नाही. फोनवर हे वाक्य उच्चारायचा तिने दोनदा प्रयत्न केला होता. दोन्ही वेळा ऐनवेळी तिने पाऊसपाण्याचेच विचारले. असले बोलणे समोर बसूनच व्हायचे.

सेलाफीचे घर नवऱ्याच्या पुतण्याकडे गेले होते, गाद्या वाटून झाल्या होत्या, भांडी खोक्यांत होती. तेव्हा आधी जाऊन राहण्यात हशील नव्हते. ठरले ते असे: निघायच्या दिवशी दुपारी तिलोमाईने पोचायचे, संध्याकाळची प्रार्थना सगळ्यांनी मिळून करायची आणि मग सेलाफीने रात्रीचे मोठे विमान धरायचे. जायचा वार सेलाफीने फोनवर सांगितला: शुक्रवार. तिलोमाईने शनिवारचे तिकीट काढले.

यात चूक कुणाची म्हणावी? दोन्ही बेटांवरची घड्याळे एकच वेळ दाखवतात, वार मात्र निरनिराळा. पूर्वी तसे नव्हते. मग अलीकडच्या सामोआच्या सरकारने व्यापाराच्या सोयीसाठी वार बदलणारी रेघ ओलांडली, एका वर्षअखेरीचा अख्खा शुक्रवार कॅलेंडरातून गळून पडला, आणि तेव्हापासून अलीकडे शुक्रवार असतो तेव्हा पलीकडे गुरुवार. सुरुवातीला तिलोमाई फार करवादायची. तुझे वार मला सांगू नकोस, माझे सांग, मला डोकं एकच दिलंय देवाने, असे तिने बहिणीला सुनावले होते. सेलाफीने ते मनावर घेतले. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट ती धाकटीच्या वारात बदलून सांगू लागली, चकार शब्द न बोलता. इकडे तिलोमाईलाही पुढे वाटू लागले की थोरलीला आपण उगाच बोललो. तिने सून रेपेका हिच्याकडून रीत शिकून घेतली: पलीकडून वार आला की त्यात एक मिळवायचा. तीही चकार शब्द बोलली नाही. दोघी एकमेकींची सोय बघत राहिल्या. इतकी वर्षे काही बिघडले नाही, कारण दोघींमध्ये दिवसाला बांधलेले असे काही नव्हतेच. वाढदिवसाचा फोन एक दिवस इकडेतिकडे झाला तर कोण मनावर घेतो?

शुक्रवारी सकाळी नऊला तिलोमाई उद्याच्या उमूसाठी, म्हणजे तापल्या दगडांच्या भट्टीसाठी, तारोची अळवासारखी पाने निवडत बसली होती. पाने कोवळी होती, देठाचा चीक बोटांना लागत होता. फोन वाजला. सेलाफी होती, आवाजात घाई होती.

"गाडी कितीला पाठवू तुला न्यायला?"

"अडीचपर्यंत येते मी. पण त्याला आजच कशाला सांगतेस, उद्या सकाळी सांग."

"उद्या मी होनोलुलूला असेन, तिलो."

तिलोमाईच्या हातातले पान हातातच राहिले.

"तू शुक्रवार म्हणालीस," ती म्हणाली.

"मग शुक्रवारच आहे की. तुझा. माझा आज गुरुवार."

"मी समजले, तुझा शुक्रवार."

"इतक्या वर्षांत माझा वार मी तुला सांगितलाय कधी?"

मग पलीकडून एक सुस्कारा आला, त्यात थोडे हसूही होते. सेलाफी म्हणाली, "दोघी शहाण्या. आता जमेल ते बघ. नाहीच जमलं तर फोन आहे." एवढे बोलून तिनेच फोन ठेवला. तिलाही जास्त बोलवत नसावे.

फोन आहे, हे शब्द तिलोमाईला लागले. नऊ वर्षे फोनच होता.

तिने पाने तशीच टाकली आणि रेपेकाला हाक मारली. उमूचा बेत उद्याचा, त्यामुळे घरात नेण्यासारखे काही तयार नव्हते. रेपेका शेजारपाजारी फिरली आणि परत आली तेव्हा एका घरचे नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचे पालुसामी, दुसऱ्या घरचे भाजलेले नीरफणस आणि कुठूनतरी कोकोच्या वड्या, असे एक खोके भरून बांधून तयार होते. गावात कुणी का म्हणून विचारले नाही. बहिणीला निरोप द्यायला निघालेली बाई रिकाम्या हाताने गेली असती तर नाव सबंध गावाचे गेले असते. रेपेकाने तिला केसांना तेल लावून दिले, निळा पुलेतासी अंगावर चढवला, आणि शेजारच्या गाडीवाल्याने बाराच्या सुमारास तिला फागालिईला आणून सोडले.

फागालिईचा विमानतळ म्हणजे एक बसकी इमारत, बाकडी, आणि मधोमध वजनकाटा. सामान काट्यावर जाते तसे माणूसही जाते. त्यात कुणी लाजत नाही, फक्त आकडा वाचला जात असताना सगळे भिंतीकडे बघतात. काट्यावर पेनितोआ बसला होता. पन्नाशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वही मांडीवर. तिलोमाईने त्याला सगळे सांगितले, शुक्रवार आणि गुरुवार दोन्ही. त्याने मध्ये तोडले नाही. ऐकून झाल्यावर त्याने खिडकीबाहेर वाऱ्याच्या कापडी पिशवीकडे बघितले. ती पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याने फुगून ताठ उभी होती.

"मावशी, खुर्च्या दोन रिकाम्या आहेत," तो म्हणाला. "पण वजन नाही शिल्लक. आज वारा थेट समोरून आहे, इंधन जास्त भरलंय. त्यात ही मंडळी."

ही मंडळी म्हणजे एका चर्चची गायक बायकांची मंडळी. बारा जणी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, एकीपेक्षा एक भारदस्त, तिकडच्या चर्चच्या वर्धापनदिनाला निघालेल्या. त्यांच्या मागे तारोच्या कंदांची पोती, बर्फाच्या पेट्या, खोकी यांचा डोंगर. वहीत बघून पेनितोआने सांगितले की अडतीस किलो उरलेत.

तिलोमाई काट्यावर उभी राहिली. सगळे भिंतीकडे बघू लागले. खोक्यासकट एकशे दहा. तिने खोके खाली ठेवले. सत्त्याण्णव.

"एकोणसाठ किलो कमी करायचे आहेत, मावशी. आजच्या आज तर व्हायचे नाहीत," पेनितोआ म्हणाला. त्यात टवाळी नव्हती, तरी दोघीतिघी फिसकल्याच. तिलोमाई पण हसली आणि हसता हसता बाकावर जाऊन बसली. मग तिला उठावेसे वाटेना. घड्याळात पाऊण वाजला होता. दोनला विमान उडणार, त्यानंतरचे उद्या. पलीकडे उद्या म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवारी नूउलीच्या त्या ओट्यावर कुणी नसणार. तिने खोके पायाने बाकाखाली सरकवले. ते नेता येणार नाही, एवढे तर नक्की झाले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुणाकडे तरी रिकाम्या हाताने जायला तयार झाली होती, आणि तरी भागत नव्हते.

गायक मंडळींच्या म्होरक्या एलेनोआबाई, पाद्र्याची बायको, तिच्याशेजारी येऊन बसल्या. त्या पंखा हलवत होत्या, थोडा स्वतःसाठी, थोडा तिलोमाईसाठी. कुठली, कुणाची, असे विचारता विचारता त्यांनी सगळे काढून घेतले. आई, कबर, नऊ वर्षे. वाक्य काय सांगायचे आहे तेवढे तिलोमाईने सांगितले नाही, पण सांगायचे आहे हे सांगितले.

"माझी एक बहीण होती सवाई बेटावर," एलेनोआबाई म्हणाल्या. "मी फोनवरच सांगितलं, शेवटचं." उठल्या आणि काट्याकडे गेल्या.

तारोचे पहिले पोते त्यांनी स्वतःच ओढून बाजूला केले. एकवीस किलो. दुसरे, एकोणीस. मंडळीत कुजबूज झाली. पाहुणे म्हणून जायचे आणि पोती अर्धी, तिकडचे लोक काय म्हणतील, असे एक जाडजूड बाई म्हणाली. एलेनोआबाईंनी तिला सांगितले की मग तू उतर, म्हणजे पोती दोन्ही परत चढतील, वर चार नारळही बसतील. त्यावर सगळ्या जणी अशा हसल्या की ती बाईही हसून हसून डोळे पुसू लागली आणि तिनेच मासळीची बर्फपेटी ढकलून दिली. पंधरा किलो. पेनितोआ वहीत खोडत होता, लिहीत होता.

"चार राहिले," तो म्हणाला.

मंडळींनी एकमेकींकडे बघितले. मग एलेनोआबाईंनी सगळ्यांच्या हातांतली स्तोत्रांची पुस्तके गोळा केली, एकावर एक रचली आणि काट्यावर ठेवली. काटा चारच्या थोडा पुढे गेला. "पाठ नसेल तिने आज तोंड उघडू नये," त्या म्हणाल्या. पेनितोआने वही मिटली आणि तिलोमाईच्या उद्याच्या तिकिटावर आजची तारीख घातली. पोती, पेटी आणि तिलोमाईचे खोके भिंतीशी शेजारी शेजारी उभे राहिले. खोके तूच घरी ने, असे तिलोमाईने त्याला सांगितले. तो नको नको म्हणाला आणि मग झाकण उघडून पालुसामी कुठल्या घरचे आहे ते विचारू लागला.

दोनला विमान उडाले. एका बाजूला एकेक, दुसऱ्या बाजूला दोन-दोन खुर्च्या, पुढे वैमानिकाची मान दिसते. उपोलूचा डोंगर काही वेळ खिडकीत राहिला, मग त्याच्यावरचे ढग तेवढे राहिले, मग तेही नाहीत. खाली पाणी. समोरच्या वाऱ्याने विमान कधी अडखळे, कधी एकदम मऊ सरके. यंत्राच्या घरघरीत बायकांनी आवाज लावून बघायला सुरुवात केली. आधी स्तोत्रे झाली, मग कुणीतरी होडी वल्हवायचे जुने गाणे काढले.

*वल्हं मारिलं पहिलं, बेट मागे सरलं गं,*
*पुढं पाण्याला वाट नाही, मन काठाशी उरलं गं.*

*वल्हं मारिलं शंभरावं, हात माझे भरले गं,*
*दिवा दिसला बहिणीचा, अंतर किती ठरले गं.*

तिलोमाई गात नव्हती. ती ते वाक्य मनात म्हणून बघत होती. मला आता राग नाही. म्हणताना तिला जाणवले की ते काही फारसे चांगले वाक्य नाही. त्यात मीच माफ करणारी आणि ती माफीची. ते जरा दुसऱ्या रीतीने मांडावे म्हणून तिने शब्द इकडून तिकडे हलवले, पण तोवर खिडकीत तुतुइलाचे हिरवे, उभे कडे आले आणि कानांत दडे बसले. चाळीस मिनिटे झाली होती. टाफुनाच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिच्या कागदावर गुरुवारचा शिक्का मारला.

सेलाफी गाडीतून उतरली नाही. उतरवत नव्हते. तिचे हात वाळून काटक्या झाले होते आणि एका दंडावर सुयांच्या जागी गाठी आल्या होत्या. तिलोमाई गाडीत शिरली, दोघींनी गालाला गाल लावला, आणि सेलाफीने पहिली गोष्ट विचारली ती ही, की खोके कुठे आहे. तिलोमाईने सांगितले. सेलाफीने पुतण्याला सांगितले की बघ रे, सगळ्या घराण्यात हीच एक, रिकाम्या हाताने आली आणि वर बारा बायकांचं सामान उतरवून आली. मग वाटभर ती दुसऱ्याच कुणाविषयी बोलत राहिली.

घरी माणसे होती. जाऊबाया, पुतणे, शेजारी, चर्चमधले लोक. प्रत्येकाला सेलाफीशी शेवटचे बोलायचे होते, आणि तिलोमाई कोपऱ्यात चटईवर बसून बघत होती. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. कोणी उठायला तयार नव्हते. साडेसहाला सेलाफी विमानतळावर जाणार. इतके करून आपण आलो ते बहिणीला गर्दीतून बघायला, असे तिला वाटून गेले. सहाला दहा मिनिटे असताना सेलाफी म्हणाली, मला जरा बाहेर ने, कंबर अवघडली. तिलोमाईने तिला धरून ओट्यावरून खाली नेले. बाहेर एकच बसण्यासारखी जागा होती. आईची कबर, पांढऱ्या चुन्याची, पायाकडे जराशी उतरती, आता घराच्या सावलीत. सेलाफी रोजच्यासारखी तिच्या कडेला बसली. तिलोमाई क्षणभर थांबली, आणि मग तीही बसली. चुना दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट होता.

तेवढ्यात गावात शंख वाजला.

शंख वाजला की ज्याने त्याने जिथे असेल तिथे राहायचे. रस्त्यावरून चालायचे नाही, अंगण ओलांडायचे नाही, दुसरा शंख होईपर्यंत घराघरांत प्रार्थना चालते. वाटेवर गावातले दोन पुरुष येऊन उभे राहिले, कुणी चुकार फिरकू नये म्हणून. घरात जाऊबाईंनी स्तोत्र सुरू केले. दारातून कुणीतरी या दोघींकडे बघितले, यांना आत बोलवावे की कसे, आणि मग तिथेच बसा असा हात केला. आत जायची वेळ गेली होती आणि कुणाला बाहेर यायची सोय नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोघी बहिणी एकट्या होत्या.

आत स्तोत्राचे दुसरे कडवे सुरू झाले. तिलोमाईने तोंड उघडले, पण सेलाफी आधी बोलली.

"तुझ्याकडेच आणायची होती मी तिला. शवपेटीसुद्धा ठरवली होती," ती हलक्या आवाजात म्हणाली, प्रार्थना मोडू नये म्हणून. "मग रात्री वाटलं, हिला पोचवली की मी इथे एकटी. नवरा गेलेला, पोरगी अमेरिकेत. म्हणून ठेवून घेतली. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस, म्हणून विचारलं नाही."

"नसतेच म्हणाले," तिलोमाई म्हणाली.

"माहीत आहे."

"मग बरं झालं विचारलं नाहीस." मनात जुळवलेले सगळे शब्द निघून गेले होते आणि हे आपसूकच आले होते. "तुझ्याजवळ होती ती. माझ्याकडे तर बाबा होतेच."

वाटेवरचा पुरुष या पायावरून त्या पायावर झाला. आत कुणीतरी सेलाफीच्या प्रवासासाठी देवाला मागत होते, वाऱ्याला सांभाळ, वैमानिकाच्या डोळ्यांना सांभाळ, असे.

"आता एकटी ती पडणार," सेलाफी म्हणाली. "पुतण्या चांगला आहे. पण त्याची बायको आळशी. पाऊस झाला की चार दिवसांत शेवाळ चढतं हिच्यावर."

"मी येत जाईन."

"पस्तीस मिनिटांच्या वाटेला तुला नऊ वर्षं लागली."

"वारा समोरून होता," तिलोमाई म्हणाली.

सेलाफीला हसू आले. प्रार्थनेत हसू नये म्हणून तिने तोंडावर हात धरला, आणि तो हात तसाच राहिला, कारण हसण्याच्या मागून दुसरेच काही येऊ लागले होते. तिलोमाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीचे मणके एकेक करून मोजता येत होते. आत आमेन झाले, पण शंख अजून झाला नव्हता, आणि दोघी हलल्या नाहीत.

"तीन महिन्यांनी एकदा पुरे," थोड्या वेळाने सेलाफी नाक पुसत म्हणाली. आवाज पुन्हा थोरलीचा झाला होता. "दर महिन्याला यायचा शहाणपणा करू नकोस. आणि चुना लावायच्या आधी घासायचं. कोरडं घासू नकोस, आधी पाणी टाकून भिजू दे. ब्रश मागच्या नळापाशी आहे, तारेचा नाही, काथ्याचा. तारेच्याने चुना निघतो."

दुसरा शंख झाला. घर एकदम जागे झाले, दारात माणसे आली, पुतण्याने गाडी फिरवली, कुणी पेट्या उचलू लागले. तिलोमाईने बहिणीला हाताला धरून उभे केले. सेलाफीला चारचौघांनी गाडीपर्यंत नेले, गालाला गाल लावून झाले, दार बंद झाले. मग काच खाली आली.

"डोक्याकडून सुरू कर," ती म्हणाली. "पायथ्याकडून केलंस तर वरची घाण सगळी खाली वाहत येते आणि परत घासावं लागतं. ऐकलंस ना?"

"ऐकलं," तिलोमाई म्हणाली.

"सांग बघू."

"आधी पाणी. काथ्याचा ब्रश. डोक्याकडून."

सेलाफीने मान हलवली आणि पुतण्याला निघायला सांगितले. गाडी वळणाआड गेली तशी लोक हळूहळू आपापल्या घरी गेले. अजून थोडा उजेड होता. तिलोमाई घराच्या मागे जाऊन नळ कुठे आहे ते बघून आली.